खांदा, माऊस आणि वेलांटी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी घरी बसून मुद्रितशोधनाचं काम करते. वय ६१. पूर्वी कागदावर लाल शाईनं खुणा करायचे, आता मजकूर फायलींमधून येतो. माझा स्वतःचा अँड्रॉइड टॅबलेट आहे आणि एका मोठ्या कामासाठी आयपॅड मिळाला आहे. दोन्ही आलटूनपालटून वापरते. दिवसाचे पाच-सहा तास बोटानं पानं सरकवून आणि शब्द निवडून उजवा खांदा धरायला लागला आहे. हात सतत उचलून धरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून भाच्यानं त्याच्याकडचा वायरलेस माऊस दिला. सुरुवातीला हायसं वाटलं, आता वैताग आलाय. एका टॅबलेटला जोडला की दुसऱ्यावर त्याचं नाव दिसतं, जोडणी मात्र होत नाही. पेनड्राइव्हवरची फाईल उघडली की बाण अडखळतो. काचेच्या टेबलावर तो वाटेल तिकडे उडतो. आयपॅडवर तर मध्येच दिसेनासा होतो. चाक फिरवलं की पान उलट्या दिशेला जातं, आणि अँड्रॉइडवर उजवं बटण दाबलं की फाईलच बंद होते. ट्रॅकपॅड, म्हणजे बोट फिरवून बाण हलवायची ती सपाट पाटी, घेतला तर हे सगळं सुटेल का? मैत्रीण म्हणते, टॅबलेट बोटांसाठीच असतो, हा खटाटोप सोड आणि लॅपटॉप घे. माझं काही चुकतंय का?

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमचं काहीही चुकत नाही. तुम्ही सहा तक्रारी लिहिल्या आहेत आणि सहाही खऱ्या आहेत. त्यांची कारणं मात्र सहा वेगवेगळी आहेत, म्हणून सगळं एकदम अंगावर आल्यासारखं वाटतंय. माऊस बिघडला असेल असं मला वाटत नाही. आणि घाईनं ट्रॅकपॅड आणलात तर काचेच्या टेबलाची तक्रार तेवढी मिटेल, बाकीच्या बहुतेक तुमच्यासोबतच येतील. तेव्हा खरेदी थोडी थांबवा.

माऊसकडे वळण्याआधी मला तुमच्या खांद्याबद्दल बोलायचं आहे. टॅबलेट कसा ठेवता, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. टॅबलेट टेबलावर आडवा असेल तर मान खाली जाते. उभा ठेवून बोटानं काम केलं तर हात हवेत राहतो. संगणकाच्या जगात या दुखण्याला फार जुनं नाव आहे, ‘गोरिला आर्म’. उभ्या पडद्याला सतत हात लावून काम करणाऱ्यांचा हात जड होतो, खांदा भरून येतो, हे टॅबलेट घराघरांत येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते नेमकं हेच.

माऊसचा खरा फायदा असा की पडदा एकीकडे आणि हात दुसरीकडे ठेवता येतो. पण तो फायदा घ्यायचा तर दोघांना खरोखर वेगळं करावं लागतं. टॅबलेट भक्कम स्टँडवर उभा करा. कव्हरची घडी घालून केलेला आधार चालतो, पण तो ठेंगणा पडतो. खाली दोन-तीन जाडजूड पुस्तकं ठेवा. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत यावी आणि पडदा हातभर लांब असावा. इतक्या लांबून अक्षर लहान वाटलं तर अक्षर मोठं करा, तुम्ही पुढे झुकू नका. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात, आणि माऊस कोपराच्याच उंचीवर, हाताशी. माऊस लांब उजवीकडे ठेवून हात ताणून वापरलात तर बोटाच्या जागी माऊस आला एवढंच होईल, खांदा तसाच दुखत राहील. मी स्वतः हे केलं आहे. नवा माऊस आणून तो कागदांच्या ढिगापलीकडे ठेवत होते आणि तीन आठवड्यांनी माऊसलाच दोष देत होते. ढीग हलवल्यावर दुखणं कमी झालं.

अजून एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नुसता माऊस जोडला तर टाइप करण्यासाठी पडद्यावरचाच कीबोर्ड येतो. म्हणजे एक वेलांटी बदलायला पुन्हा हात वर. दिवसभरात अशा तीन-चारशे दुरुस्त्या करत असाल तर खांद्याची विश्रांती कागदावरच राहते. त्यामुळे पुढेमागे काही विकत घ्यायचंच झालं, तर ट्रॅकपॅडच्या आधी साधा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या, तोही उजवीकडचे आकड्यांचे खण नसलेला छोटा. आकड्यांचा भाग नसला की माऊस आपोआप आत, शरीराजवळ येतो. घेण्याआधी एक मात्र तपासा : तुम्ही ज्या पद्धतीनं मराठी टाइप करता ती मांडणी बाहेरच्या कीबोर्डवर तुमच्या दोन्ही टॅबलेटमध्ये चालते का. पडद्यावर दिसणारी प्रत्येक मांडणी बाहेरच्या कीबोर्डला मिळतेच असं नाही. कुणाचा तरी कीबोर्ड तासभर उसना घेऊन एक पान टाइप करून बघितलंत की कळेल.

आता तुमचा माऊस. ‘नाव दिसतं पण जोडला जात नाही’ हे वाक्य वाचताच मला अंदाज आला. ब्लूटूथनं दोन उपकरणं पहिल्यांदा जोडली जातात तेव्हा ती आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. टॅबलेट अशा बऱ्याच किल्ल्या ठेवू शकतो. साध्या माऊसकडे मात्र पुष्कळदा एकाच किल्लीपुरती जागा असते. तुम्ही तो आयपॅडला जोडलात की माऊसनं नवी किल्ली घेतली आणि जुनी टाकून दिली. अँड्रॉइड टॅबलेटला याचा पत्ताच नाही. त्याच्या यादीत नाव आहे, हातात जुनी किल्ली आहे, पण कुलूप बदललंय. तुम्ही कितीही वेळा नावावर बोट ठेवा, दार उघडणार नाही.

उपाय सोपा आहे. ज्या टॅबलेटला माऊस जोडायचा त्याच्या ब्लूटूथच्या यादीत माऊसच्या नावाशेजारचं चिन्ह दाबा (आयपॅडवर निळ्या वर्तुळातलं ‘आय’, अँड्रॉइडवर बहुधा दातेरी चक्र) आणि ते उपकरण विसरायला सांगा. मग माऊस पालथा करून खालचं जोडणीचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. नाव पुन्हा नव्यानं दिसेल, ते निवडा. जुनी नोंद विसरायला लावणं हाच यातला महत्त्वाचा भाग आहे. ते न करता नुसतं पुन्हा पुन्हा जोडत बसल्यानं माणूस रडकुंडीला येतो.

पण रोज दोन टॅबलेट आलटूनपालटून वापरायचे तर हा सोपस्कार रोज करणं शक्य नाही. माऊसच्या पोटाखाली १, २, ३ असे आकडे किंवा तीन बारीक दिवे आहेत का बघा. असतील तर तुमचं नशीब थोर, कारण तशा माऊसमध्ये तीन यंत्रांच्या किल्ल्या वेगवेगळ्या राहतात. एक भाच्याच्या लॅपटॉपला सोडा, दोनवर अँड्रॉइड, तीनवर आयपॅड. बटण दाबलं की माऊस इकडून तिकडे. नसतील, तर सध्या माऊस एकाच टॅबलेटला द्या. ज्यावर टाइप करून दुरुस्त्या करता त्यालाच.

भाच्याला आणखी एक विचारा : या माऊससोबत नखाएवढा यूएसबीचा तुकडा आला होता का? त्याला कुणी रिसीव्हर म्हणतं, कुणी डोंगल. बऱ्याच माऊसमध्ये ब्लूटूथ आणि डोंगल दोन्ही सोयी असतात आणि खाली त्यासाठी सरकतं बटण असतं. डोंगलची गंमत अशी की त्याची माऊसशी ओळख आधीच झालेली असते. ज्या टॅबलेटला डोंगल लावाल त्याचा माऊस. काढून दुसऱ्याला लावा, त्याचा झाला. टॅबलेटचं भोक बहुतेक करून यूएसबी-सी असतं, म्हणून मध्ये एक छोटा ओटीजी जोड (साधं यूएसबी त्या भोकात बसवणारा तुकडा) लागतो. जुन्या लाइटनिंग भोकाच्या आयपॅडला कॅमेऱ्यासाठीचा वेगळा जोड लागतो. यात तोटा एकच : चार्जिंगचं भोक अडतं. आणि तुम्हाला तिथेच पेनड्राइव्हही लावायचा असतो.

पेनड्राइव्हची तुमची नोंद मला फार आवडली. ‘फाईल उघडली की बाण अडखळतो’ हे निरीक्षण मुद्रितशोधकाच्याच डोळ्याचं आहे. ब्लूटूथ आणि डोंगल, दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरतात. यूएसबी ३ च्या वेगानं माहिती ये-जा करू लागली की त्या भोकातून, वायरीतून, पेनड्राइव्हमधून नेमक्या याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीनं २०१२ साली मोजमापं घेऊन हे प्रसिद्ध केलं होतं. माऊस अगदी अशक्त आवाजात बोलतो, कारण त्याला सेल पुरवायचा असतो, आणि शेजारी कुणी ढोल बडवायला लागला की त्याचं बोलणं टॅबलेटपर्यंत पोचत नाही. फाईल आधी टॅबलेटमध्ये उतरवून घ्या, पेनड्राइव्ह काढा आणि मग काम सुरू करा. काम झालं की परत पेनड्राइव्हवर टाका. यात दुसराही फायदा आहे : पेनड्राइव्ह चुकून निघाला तर उघडी फाईल बिघडण्याची भीती राहत नाही. तो लावून ठेवावाच लागत असेल तर हातभर लांबीच्या जोडवायरनं टॅबलेटपासून आणि माऊसपासून दूर ठेवा. सेल उतरत आला असला तरी अडखळणं वाढतं, म्हणून एकदा सेलही बदलून बघा.

काचेच्या टेबलाचं कारण चटकन सांगते. माऊसच्या पोटातला बारीक कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची दर सेकंदाला शेकडो-हजारो छायाचित्रं घेतो आणि दोन छायाचित्रांतला फरक पाहून आपण किती सरकलो ते ठरवतो. नितळ काचेवर त्याला पाहण्यासारखं काहीच सापडत नाही. माऊसखाली जाडसर, चमक नसलेला कागद ठेवा. तुमच्याकडे जुन्या प्रुफांची कोरी बाजू भरपूर असेल.

आयपॅडवर बाण दिसेनासा होतो तो हरवत नाही, लपतो. माऊस काही क्षण स्थिर राहिला की पॉइंटर, म्हणजे हा बाण, आपोआप लपवायचा, अशी आयपॅडची मूळ रचनाच आहे. वाचताना मध्ये येऊ नये म्हणून. पण मुद्रितशोधनात आपण बाण मुद्दाम एका शब्दावर ठेवतो आणि मूळ प्रतीकडे बघतो. परत आलो तर खूणच नाही! सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात पॉइंटर कंट्रोल उघडा. आपोआप लपण्याची सोय तिथे बंद करता येते किंवा वेळ वाढवता येतो. तिथेच पॉइंटरचा आकार, रंग आणि ठळकपणा बदलता येतो. मी तर म्हणेन, डोळ्यांना टोचणार नाही इतपत मोठा करा आणि मजकुराच्या काळ्या रंगापेक्षा वेगळा रंग द्या. अँड्रॉइडवरही ॲक्सेसिबिलिटीमध्ये मोठा पॉइंटर करण्याची सोय असते.

आयपॅडवर बाणाऐवजी करड्या रंगाचं वर्तुळ दिसत असेल तर गोंधळू नका. २०२० पासून आयपॅडचा पॉइंटर तसाच होता, बोटाच्या टोकासारखा. २०२५ च्या आयपॅडओएस २६ (आयपॅड चालवणाऱ्या प्रणालीची आवृत्ती) पासून तिथे बाण आला. मजकुरावर नेलात की वर्तुळ असो वा बाण, त्याची उभी रेघ होते.

चाक उलटं फिरण्याची तक्रार जवळजवळ प्रत्येक जण करतो. यात दोन विचार आहेत. एका विचारात तुम्ही खिडकी हलवता, दुसऱ्यात कागद हलवता. बोटानं टॅबलेट वापरताना आपण कागद वर ढकलतो तेव्हा खालचा मजकूर दिसतो. आयपॅडनं माऊसलाही तोच नियम लावला आणि त्याला नॅचरल स्क्रोलिंग म्हटलं. तुमचा हात संगणकाच्या चाकाला सरावलेला असेल तर ते उलटं वाटणारच. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात ट्रॅकपॅड अँड माऊस, तिथे हे बंद होतं. माऊस जोडलेला असतानाच हा विभाग दिसतो, हे लक्षात ठेवा. नाहीतर शोधून दमाल. अँड्रॉइडवर दिशा बदलण्याची सोय सगळ्या टॅबलेटांत नसते. तुमच्यात नसेल तर आयपॅडवरची दिशा अँड्रॉइडसारखी करून घ्या, म्हणजे दोन्हीकडे हाताला एकच सवय राहील. दिशा बरोबर कोणती, या वादात पडू नका. दोन्हीकडे एकच असणं तुमच्यासाठी जास्त मोलाचं आहे.

आयपॅडवर त्याच ट्रॅकपॅड अँड माऊसच्या जागी पॉइंटरचा वेगही बदलता येतो. तो कमी करा. नवा माऊस हाती आला की सगळे वेग वाढवतात, पण आपलं काम अनुस्वार पकडण्याचं आहे.

अँड्रॉइडवर उजवं बटण दाबलं की फाईल बंद होते, कारण ज्या ॲपला उजव्या बटणाचं काय करायचं हे शिकवलेलं नसतं तिथे अँड्रॉइड त्याचा अर्थ ‘मागे जा’ असा घेतो. फाईल खरं तर बंद होत नाही, तुम्ही एक पायरी मागे जाता. काही कंपन्यांच्या टॅबलेटांत माऊसच्या सेटिंगमध्ये हे बटण दुसऱ्या कामाला लावता येतं. सापडलं तर लावा. नाही सापडलं तर डावं बटण दाबून धरा. बोट दाबून धरल्यावर जी यादी उघडते तीच इथेही उघडते, आणि हे दोन्ही टॅबलेटांवर चालतं. उजव्या बटणाची सवय मोडायला दोन-चार दिवस लागतील. तोवर तुमचं लिहिण्याचं ॲप दुरुस्त्या आपोआप साठवतं की नाही याची खात्री करून घ्या. तासभराचं काम एका चुकीच्या बटणानं जाऊ नये.

आता मैत्रिणीचं म्हणणं, की टॅबलेट बोटांसाठीच असतो. त्यांना तुमची काळजी आहे म्हणून त्या म्हणाल्या, पण मला ते पटत नाही. अँड्रॉइडनं २०११ मध्ये, टॅबलेटसाठीच्या ३.१ आवृत्तीत, माऊसला जागा दिली. आयपॅडला उशीर झाला. २०१९ मध्ये माऊस आला तो ॲक्सेसिबिलिटीच्या कप्प्यात, म्हणजे ज्यांना पडद्याला हात लावणं अवघड जातं त्यांच्यासाठी. मार्च २०२० मध्ये आयपॅडओएस १३.४ आलं आणि माऊस, ट्रॅकपॅड सगळ्यांसाठी खुले झाले. याचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांचे हात दुखतात, थरथरतात, उचलत नाहीत, त्यांच्यासाठी हे दार आधी उघडलं. तुम्ही त्याच दारातून आत येताय आणि तुमचा तिथे पूर्ण हक्क आहे.

शिवाय बोटाला एक मर्यादा आहेच. अँड्रॉइडची बटणं आखणारे लोक बोटासाठी सुमारे ९ मिलिमीटरची जागा ठेवतात. आता नेहमीच्या आकाराच्या मजकुरातला रफार किंवा अनुस्वार बघा. ९ मिलिमीटरच्या बोटाखाली एक-दोन अख्खी अक्षरं झाकली जातात, आणि आपल्याला त्यांच्यामधली फट हवी असते! बोटानं शब्द निवडताना तुम्ही किती वेळा हात उचलून, पुन्हा टेकवून, पुन्हा उचलून बघत असाल याची मला कल्पना आहे. खांदा त्या पुन्हापुन्हामुळेही दुखतो. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस पहिल्यांदा जाहीरपणे दाखवला, तेव्हाही पडद्यावरचे शब्द निवडणं, खोडणं, इकडचे तिकडे नेणं हेच त्यांनी करून दाखवलं होतं. तुमचं काम तेच आहे.

देवनागरीत माऊस वापरताना एक बारकावा सांभाळा. ‘कीर्ती’मधली पहिली वेलांटी चुकली असेल तर कर्सर (टाइप करण्याची जागा दाखवणारी लुकलुकती रेघ) ‘क’ आणि वेलांटीच्या मध्ये न्यायचा प्रयत्न करू नका. तो जात नाही, कारण अक्षर आणि त्याची मात्रा मिळून एक घर धरलं जातं. कर्सर ‘की’च्या लगेच पुढे ठेवा आणि मागे खोडण्याचं बटण एकदाच दाबा. बहुतेक ठिकाणी आधी फक्त वेलांटी जाते, ‘क’ शिल्लक राहतो, मग हवी ती वेलांटी द्या. जोडाक्षरात असंच एकेक पायरी मागे जावं लागतं. शब्द अख्खा बदलायचा तर त्यावर दोनदा क्लिक करा, पूर्ण शब्द निवडला जातो. मोठा मजकूर निवडायचा तर बटण दाबून ओढत नेऊ नका, त्यात मनगट आवळलं जातं. सुरुवातीला एकदा क्लिक करा, मग कीबोर्डवरची शिफ्ट दाबून शेवटाला क्लिक करा. बहुतेक ॲपमध्ये मधला सगळा भाग निवडला जातो. कीबोर्ड घ्या म्हणून मागे आग्रह केला त्याचं हेही एक कारण.

मग ट्रॅकपॅडचं काय? ट्रॅकपॅड मला आवडतो. तो शरीराच्या अगदी मधोमध ठेवता येतो, हात बाजूला न्यावा लागत नाही, आणि डावा-उजवा दोन्ही हातांनी चालतो. ज्यांचा खांदा दुखतो त्यांना हे फार सोयीचं पडतं. पान सरकवणं, लहान-मोठं करणं, एका ॲपमधून दुसऱ्यात जाणं यात तो माऊसपेक्षा सरस आहे. आयपॅडवर तीन बोटं वर सरकवली की मुख्य पडदा, तीन बोटं आडवी सरकवली की मागचं-पुढचं ॲप. हात मांडीच्या उंचीवरून हलत नाही. पण अनुस्वारावर नेमका कर्सर ठेवणं आणि तेही दिवसातून शेकडो वेळा, यात माऊस पुढे आहे. ट्रॅकपॅडवर तेच काम बोटाच्या टोकाशी आणि मनगटाशी येतं.

अजून एक. सुटा मिळणारा प्रत्येक ट्रॅकपॅड ही बोटांची भाषा टॅबलेटला सांगू शकत नाही. बरेच ट्रॅकपॅड टॅबलेटशी बोलताना स्वतःची ओळख साधा माऊस अशीच करून देतात. मग बाण हलतो, क्लिक होतं, पण तीन बोटांचं काही चालत नाही. आयपॅडसाठी ॲपलचा दुसऱ्या पिढीचा मॅजिक ट्रॅकपॅड किंवा आयपॅडसाठीच बनवलेला ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड यांत हे खात्रीनं चालतं. अँड्रॉइडसाठी तुमच्या टॅबलेटच्याच कंपनीचा कीबोर्ड-ट्रॅकपॅड बघा. आणि कुठलाही घेण्याआधी आपल्या स्वतःच्या टॅबलेटला जोडून वापरून पाहिल्याशिवाय घेऊ नका. माझ्या एका परिचितांनी नुसतं खोक्यावरचं वाचून घेतला आणि तो वर्षभर खणात पडून आहे.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी माऊस आणि छोटा कीबोर्ड, एवढं आत्ता पुरेसं आहे. तीन-चार आठवडे असं काम करून बघा. त्यानंतरही उजवा खांदा कुरकुरत असेल तर माऊस डाव्या हाताला द्या. हसू नका, हे मनापासून सांगते. पहिले चार दिवस बाण वेडावाकडा जाईल, पुढच्या आठवड्यात हात शिकतो. पानं सरकवायला डावा हात आणि बारीक दुरुस्तीला उजवा, असं वाटून घेतलंत तरी खांद्यावरचा निम्मा भार उतरेल. ट्रॅकपॅड त्यानंतर, डाव्या हाताचा सोबती म्हणून.

आयपॅडवर हात न उचलता कामं होण्यासाठी एवढं ध्यानात ठेवा : पॉइंटर पडद्याच्या तळाला नेऊन खाली ढकलला की डॉक, म्हणजे ॲपच्या चिन्हांची पट्टी, वर येतो. वर उजव्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हावर क्लिक केलं की कंट्रोल सेंटर, म्हणजे नेहमीच्या सेटिंगची झटपट बटणं, उघडतं. त्या कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं चिन्ह मात्र उगाच दाबू नका. त्यानं ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही, माऊससारखी जोडलेली उपकरणं तेवढी सुटतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजेपर्यंत आपणहून परत जोडली जात नाहीत. ‘काल संध्याकाळपासून माऊस मेलाय आणि सकाळी आपोआप जिवंत झाला’ असं कुणी सांगितलं की मी आधी हेच विचारते.

क्लिक करायलाच बोट दुखू लागलं तर त्यालाही वाट आहे. पॉइंटर एका जागी ठरावीक वेळ थांबला की आपोआप क्लिक व्हावं, अशी सोय दोन्हीकडे ॲक्सेसिबिलिटीमध्ये असते. आयपॅडवर ती असिस्टिव्हटचमध्ये ड्वेल या नावानं सापडते. आधी थांबण्याचा वेळ थोडा जास्त ठेवा, नाहीतर नको तिथे क्लिक होत राहील.

लॅपटॉपबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. तुमचं बहुतेक काम जर लेखक आणि संपादक यांच्या दुरुस्त्यांचा माग ठेवणाऱ्या लांबलचक फायलींवर चालत असेल, तर संगणकावरचं लिहिण्याचं सॉफ्टवेअर टॅबलेटवरच्या आवृत्तीपेक्षा जास्त काही देतं, आणि तिथे मैत्रिणीचं बरोबर आहे. पण खांद्यासाठी म्हणून लॅपटॉप घेऊ नका. त्याचा पडदा कीबोर्डला बांधलेला असतो. पडदा डोळ्यांसमोर आणायचा तर हात वर जातात, हात खाली ठेवायचे तर मान वाकते. स्टँडवरचा टॅबलेट, पुढ्यात कीबोर्ड आणि शेजारी माऊस ही मांडणी उघड्या लॅपटॉपपेक्षा शरीराला कितीतरी चांगली आहे. आणि छापील पानासारख्या पीडीएफवर हातानं खुणा करायच्या असतील तेव्हा माऊस बाजूला ठेवा, टॅबलेट तिरका टेकवा आणि टॅबलेटचं पेन घ्या. इतकी वर्षं लाल शाईनं चाललेल्या हाताला ते लगेच जमेल. फक्त पेनाचं काम सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नको.

रात्री हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा वस्तू पकडताना निसटत असेल, तर माऊस-कीबोर्डचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना पुन्हा भेटा. या खुणा मांडणी बदलून सुटण्यातल्या नसतात.

आज एवढंच करा : काचेवर कागद, टॅबलेट पुस्तकांवर, पेनड्राइव्हवरची फाईल आत उतरवलेली, आणि माऊस एकाच टॅबलेटला नव्यानं जोडलेला. मग तो पालथा करून खाली आकडे आहेत का ते बघा आणि मला कळवा. भाच्याकडे डोंगल सापडला तर तेही लिहा, आणि दोन्ही टॅबलेट कोणत्या वर्षीचे आहेत तेही. नवा माऊस घ्यावा लागेल की याच्यावरच भागेल, ते त्यावरून सांगता येईल.